बायडाबाईची जागा

१

कार्यक्रमाला जाऊन मोबाईल हवेत धरणाऱ्यांची मला मनापासून कीव येते. तासभर हात वर करून उभे राहतात आणि घरी येऊन ऐकतात काय, तर शेजारच्याचा खोकला, स्वतःच्या बाहीची खसखस आणि कर्ण्याचा फाटका आवाज. अहो, आवाज भरून घ्यायचा तर आधी बूड कुठं टेकायचं ते शिका. कर्ण्यासमोर बसायचं नाही. भिंतीला टेकायचं नाही, भिंत गुणगुणते. लेकुरवाळ्या बायांपासून आणि तंबाखू मळणाऱ्यांपासून लांब राहायचं. यंत्र हातात धरायचं नाही, टॉवेलची घडी घालून त्यावर ठेवायचं. आणि एकदा बटण दाबलं की आपण दगड व्हायचं.

मी सुभाष. घोडेगावात माझं कॅसेटचं दुकान होतं. चांगलं चाललं, मग कॅसेटीच संपल्या. पण नाद काही संपला नाही. भजनं, भारुडं, जत्रेतली गाणी, जुन्नरच्या उरुसातल्या कव्वाल्या, सगळं मी माणसांत मांडी घालून भरून घेतलेलं आहे. लोक चेष्टा करायचे, खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या अँटेना आभाळाचं ऐकतात आणि सुभाषशेठ जमिनीवरचं. मी म्हणायचो, कुणीतरी ऐकायला पाहिजेच की राव.

इतकं करून एक आवाज मात्र मला कधी नीट मिळाला नाही, आणि तो होता माझ्या थोरल्या बहिणीचा. कुशाआक्काचा. आमच्या बायांच्या भजनात ती म्होरकी. वरची ओळ तिनं टाकायची आणि बायडाबाईनं झील धरायची, म्हणजे ओळीचं शेपूट उचलून परत म्हणायचं, की मग बाकीच्या बाया मागून यायच्या. आमचं जुनं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं, त्याच्याही आधीपासून ही जोडी होती. तिथं दगडी देऊळ होतं. त्या देवळाची गंमत अशी, की ओळ संपली की शेवटचं अक्षर गाभाऱ्यात जायचं आणि जरा थांबून परत यायचं. लहानपणी आम्ही नुसते तेवढ्यासाठी तिथं जाऊन ओरडायचो.

पहिलं रेकॉर्डिंग मी त्याच देवळात केलं, मागून आणलेल्या टेपवर. बायडाबाई म्हशीची धार काढून नेहमीसारखी उशिरा आली. ओला पदर खोचलेला, हाताला दुधाचा वास. आक्का आणि खांब यांच्यामध्ये वीतभर जागा, त्यात ही बाई घुसायची. "कुशे, सरक," एवढंच म्हणायची. आक्का न बघताच सरकायची. आयुष्यभर भजनाची सुरुवात अशीच झाली, असं म्हटलं तरी चालेल. ती कॅसेट पुढं बुरशीनं खाल्ली. मला अजून वाईट वाटतं.

नंतर कधी मोटरची घरघर आली, कधी लाईट गेली, कधी कुणाचं पोर रडलं. म्हटलं पुढच्या वेळी होईल. आक्का काय कुठं जातेय. आणि मग दिवाळीच्या आधी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आक्काच्या गळ्यात गाठ आहे, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. बाई जगेल, पण आवाज राहणार नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या आधी एकच भजन उरलं होतं. एकादशीचं.

२

आमच्याकडं आता भजन दुपारीच असतं. बिबट्या झालाय ना मोप. अंधार पडला की कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही, मग रात्रीची भजनं आपसूक दुपारवर आली. नव्या वस्तीवरचं देऊळही पत्र्याचं. दगडी देवळासारखं ते काही परत देत नाही, नुसतं झणझणतं.

मी तासभर आधी गेलो. भाच्यानं, म्हणजे आक्काच्या भरतनं, एक मुठीएवढं चांगलं यंत्र घेऊन दिलं होतं. कानाला बिनवायरीचा हेडफोन लावून मी सगळं देऊळ टाळ्या वाजवत फिरलो. दारात वारा, कोपऱ्यात पत्रा, पेटीजवळ भात्याचा श्वास. फिरता फिरता एका जागी आवाज असा स्वच्छ झाला, की मी तिथंच उकिडवा बसलो.

ती बायडाबाईची जागा होती.

बायडाबाई श्रावणात गेली. आमच्या जुन्या गावाची एक रीत आहे, ती आम्ही धरणात बुडू दिली नाही. भजनातलं माणूस गेलं की वर्षश्राद्धापर्यंत त्याची जागा तशीच ठेवायची. खाली गोधडीची घडी, त्यावर त्याचा टाळ. बाकीच्यांनी सरकून ती जागा भरायची नाही. आक्काच्या डाव्या हाताला बायडाबाईची गोधडी होती आणि त्यावर तिचा तो कडेला टवका गेलेला टाळ. तो वाजला की शेवटी किंचित खरखरायचा. चाळीस वर्षं त्या खरखरीनं माझी रेकॉर्डिंगं खराब केलेली, मी विसरतोय थोडाच.

बायडाबाईची सून समृद्धी पखवाजाला कणीक लावत होती. मी यंत्र तिथं ठेवतोय म्हटल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली. म्हणाली, मामा, ती आत्याबाईंची जागा हाय. मी आक्काकडं बघितलं. आक्काचं बोलणं तोवर घोगरं झालं होतं, गाताना मात्र वरचा सूर अजून शाबूत होता. ती म्हणाली, ठेवू दे, आपल्यातलाच हाय तो.

तिनं परवानगी दिली ती यंत्र ठेवायची. टाळ उचलायची नव्हे. पण माईकशेजारी पितळ असलं की ते दुसऱ्यांच्या आवाजानं आपोआप कणकणतं, हे मला ठाऊक. बाया दिवा लावायला वाकल्या होत्या. मी टाळाचा जोड उचलला, रुमालात घट्ट गुंडाळला आणि माझ्या पिशवीत टाकला. भजन झालं की ठेवू परत, त्यात काय मोठंसं.

मी मागं श्रोत्यांत जाऊन बसलो. हेडफोनमध्ये आक्का अशी यायला लागली, जशी माझ्या कानाशी बसून गातेय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाजायचं काय त्यात. शेवटी तिनं स्वतःचं पद घेतलं, गाव बुडाल्यावर बांधलेलं.

"माहेर माझं पाण्याखाली, दिवा कोन लावी गं."

ओळ संपली आणि झील धरायच्या आधी हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला. दमून आलेलं माणूस बसल्या बसल्या घेतं तसा. मी आक्काकडं बघितलं. आक्काचं तोंड मिटलेलं होतं आणि ती देवाकडं बघत होती.

३

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दार लावून ऐकायला बसलो. गल्लीत ऊन होतं, शेजारी कुणीतरी टीव्हीवर हिंदी मालिका लावली होती. असल्या वेळी काय भीती वाटणार.

आवाज अप्रतिम होता. इतकी वर्षं ज्यासाठी हपापलो होतो, ते सगळं त्यात होतं. आक्काचा वरचा सूर, त्याला खाली असलेली बारीकशी चीर, ओळ सोडताना ती जिभेनं करते तो आवाजही. पहिली दोन पदं मी नुसता डोलत होतो.

तिसऱ्या पदाला टाळ ऐकू आला. टाळ पुष्कळ होते, सगळे समोरून येत होते. हा एकटाच माईकच्या अगदी जवळ होता, आणि प्रत्येक ठोक्याच्या शेवटी किंचित खरखरत होता.

मी यंत्र थांबवलं. मनाला म्हटलं, सुभाष, टवका काय एकाच टाळाला जातो का. असेल दुसऱ्या कुणाचा. मग एकदम आठवलं म्हणून खुंटीवरची पिशवी काढली. परत ठेवायचा राहूनच गेलेला तो जोड रुमालात जसाच्या तसा होता. मीच मारलेली गाठ.

गाठ सोडली नाही. पिशवी परत खुंटीला अडकवली आणि पुढं ऐकलं. झील धरली जात होती. बायांचा घोळका मागून यायच्या आधी एक बाई एकटी उचलत होती, जाडसर, जरा नाकातला आवाज. आणि ओळीचं शेवटचं "गं" लांब कुठंतरी जाऊन, जरा थांबून परत येत होतं.

पत्र्याचं देऊळ असं परत देत नाही. हे मी तुम्हाला सांगितलंय. हे परत देणारं देऊळ पाण्यात आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं तर त्याचा चौथरा तेवढा दिसतो. मला भीती वाटली हे खरं, पण त्याच्याही आधी, खोटं कशाला बोलू, मला माझं गाव आठवलं. देवळामागची चिंच, घाटाच्या पायऱ्या, संध्याकाळचा धूर. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले.

भजन संपलं. बाया प्रसादाला उठल्या, बांगड्या, गलका, पायांचे आवाज लांब गेले. यंत्र तसंच चालू राहिलेलं. बराच वेळ काही नाही. मग माईकला ओठ लावावे इतक्या जवळून, अगदी हळू:

"कुशे, सरक."

४

मी त्या दिवशी चहाही घेतला नाही. आक्का दोन दिवसांनी ऑपरेशनला जाणार, आणि गेलेली मैत्रीण तिला सरक म्हणतेय. याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं? मी वाईटच घेतला. तुम्हीही घेतला असता.

भरत टोमॅटोची गाडी नारायणगावच्या मार्केटला खाली करून आईचं भजन मोबाईलमध्ये घ्यायला आला. मी शेवटचं सोडून मधलं एक पद लावलं, पोराला काय वाटतंय बघावं म्हणून. तो बुटाची नाडी सोडत ऐकत होता, मान हलवत होता.

"मामा, लई क्लिअर आलंय," तो म्हणाला. "बायडामावशी पण काय झील धरतीय."

आणि त्याचा हात नाडीवरच थांबला. श्रावणात खांदा द्यायला तोच पुढं होता. यंत्रात पद चालूच राहिलं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ते शेवटचं पुसून टाका, आईला ऐकवू नका. शेवटचं पुसता आलं असतं. पण ती बाई शेवटीच होती का? ती सगळ्या भजनात होती, आक्काच्या सुराला सूर लावून. तिला काढायचं तर आक्कालाही काढावं लागणार. आणि आक्काचा आवाज इतका स्वच्छ जगात दुसरीकडं कुठंही नव्हता. मी काहीच पुसलं नाही.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. कसं आलंय, म्हणाली. मी म्हटलं बरं आलंय, तू बरी होऊन ये, मग निवांत ऐकू. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सुभाष, काल भजनात माझ्या डाव्या अंगाला लई उबारा लागत व्हता बघ." मी म्हटलं, पत्रा तापला असेल. तिचं ते शेवटचं बोलणं मी पत्र्याची सबब सांगून संपवलं.

सकाळी टाळ घेऊन मी वस्तीवर गेलो. समृद्धी दोन दिवस टाळ शोधत होती, कुणी चोरून नेला म्हणून रडली होती. माझ्या पिशवीत बघितल्यावर तिनं नुसते पदरानं डोळे पुसले, ते मला जास्त लागलं. मी जोड गोधडीवर ठेवायला वाकलो, तशी म्हणाली, "असा ठेवून चालत न्हाई मामा. जागा मोडली. आता आक्का भजनाला बसतील तवाच म्होरकीनं ती परत मांडायची. तवर तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

आक्का भजनाला बसतील. गळा काढून टाकल्यावर. मी टाळ घेऊन परत आलो.

५

ऑपरेशन नीट झालं. मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून सगळ्या देवांना नावानिशी नवस बोलून घेतला होता, आणि त्यातलं कुणीतरी पावलं. आक्का घरी आली तेव्हा शेतात कांद्याच्या लागणी उरकल्या होत्या. गळ्याच्या खाली भोक, त्यात नळी, वरून भरतचा जुना मफलर. श्वास तिथूनच यायचा आणि जायचा. ओठ हलायचे पण त्यांतून काही निघायचं नाही. भेटायला येणाऱ्या बाया तिच्याशी मोठ्यानं बोलायच्या, जसं काही तिचे कानच गेलेत. तिला त्याचा राग यायचा आणि तोही दाखवता यायचा नाही.

मी गेलो की ती आधी माझ्या पिशवीकडं बघायची. मग कानाला हात लावायची. मी आज मशीन विसरलं म्हणायचो, चार्जिंग नाही म्हणायचो. एकदा तिनं माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. डोळ्यांत पाणी होतं. स्वतःचा आवाज होता तो तिचा, आणि मी तो पिशवीत बांधून फिरत होतो. मला माझी लाज वाटली.

तेव्हा लावलं. सकाळची वेळ, भरत गाडीवर गेलेला. स्लॅबची छोटी खोली, कोपऱ्यात फ्रीज, भिंतीवर कॅलेंडर. आक्का चटईवर भिंतीशी बसलेली, मी तिच्या समोर. छोटा स्पीकर मध्ये ठेवला. शेवटचं पद संपलं की लगेच थांबवायचं, पुढचं तिच्या कानावर पडू द्यायचं नाही, म्हणून बोट बटणावरच ठेवलं होतं.

आक्का स्वतःला ऐकत होती. तोंडावर आधी काहीच दिसेना. मग टवक्याचा टाळ आला आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दगडी देवळात शेवटचं बघितलं होतं. ती दचकली नाही. ती हसली, उशिरा आलेल्या माणसाला हसतात तशी. पद संपलं आणि मी पटकन बटण दाबलं. "सरक" आत राहिलं.

खोली गप्प झाली. फ्रीजसुद्धा गप्प झाला.

आणि आक्का, कुणी काही म्हटलेलं नसताना, डावीकडं न बघताच वीतभर सरकली.

मग तिनं माझी पिशवी ओढली. रुमालाची गाठ दातांनी सोडली आणि टाळ आपल्या डाव्या अंगाला, चटईच्या रिकाम्या जागेवर मांडला. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. बायडाबाई आक्काला कुठं घेऊन जायला आलीच नव्हती. मी तिची जागा बळकावून वर तिचा टाळ पळवला होता, आणि ती बिचारी इतके दिवस बसायला जागा मागत होती. मला रडू फुटलं, आणि त्याच वेळी चटईवर सैल पडलेली टाळाची दोरी हळूच ताठ होत चालली होती.

आक्कानं मांडी नीट केली. डोळे मिटले. मफलरखाली श्वास वर चढला आणि तिचे ओठ हलायला लागले. ओठांवरून मला कळलं, पद तेच, माहेर माझं पाण्याखाली. मी कान दिला. आयुष्यभर कान द्यायचंच काम केलंय मी, जीव कानात आणून ऐकलं. नळीतून नुसती हवा येत होती. बाकी काही नाही. ओठ थांबले.

मी वाट बघितली.

तिच्या डाव्या बाजूनं, दमलेल्या माणसाचा असतो तसा एक श्वास आला. मग जाडसर, जरा नाकातल्या आवाजात,

"दिवा कोन लावी गं."

आणि त्या स्लॅबच्या खोलीत शेवटचं "गं" लांब कुठंतरी गेलं, जरा थांबलं, आणि परत आलं.

यंत्र माझ्या हातात होतं. लाल बटण अंगठ्याखाली. मी अंगठा काढून घेतला आणि श्रोत्यानं बसावं तसा हात मांडीवर ठेवून बसलो. आक्काचे ओठ पुन्हा हलायला लागले होते.

वरची ओळ पुरी झाल्याशिवाय झील कुणी उचलत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बायडाबाई तर कधीच उचलायची नाही. म्हणजे आक्कानं ओळ म्हटली होती, अगदी खणखणीत म्हटली होती. त्या खोलीत ती ऐकू आली नव्हती ती फक्त मला.